फळ्यावर लिहिलेली हद्द

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर फिरायला जातो त्या मित्रालाही नाही. वेळच आली नाही म्हणावं तर तसंही नाही—चांगली तीन-चारदा आली. दर वेळी मी भलतंच काहीतरी बोललो. घसा खाकरला, चहा मागवला, पाऊसपाण्यावर घसरलो. तुम्हाला सांगायला बसलोय, कारण तुम्ही समोर नाही. समोर असता तर तुमच्यासाठीही चहाच मागवला असता बहुतेक.

आमच्या जिल्ह्यातल्या शिक्षकांत मला एक नाव पडलंय—डाववाले देवकते गुरुजी. नोकरीची सगळी वर्षं मी पोरांकडून हेरगिरीचे डाव खेळवले. साधा प्रकार असतो. प्रत्येकाला एक चिठ्ठी. तीत तीन ओळी—तू कोण, तुला काय ठाऊक आहे, तुला काय काढून आणायचंय. बस्स. मग मैदानाचा गड होतो, शाळेच्या ओसरीची छावणी होते, आणि कालपर्यंत पाढे विसरणारं पोरगं सरदार होऊन फिरायला लागतं. माझ्या डावांत दांडगाई न येणाऱ्या मुलालाही जागा असते, याचं लोकांना फार कौतुक. निवृत्त झालो तेव्हा एक साहेब भाषणात म्हणाले, की ज्याला कुणी खेळायला घेत नाही त्या मुलाला या माणसानं पुढं आणलं. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला. विनय होता का तो?

तेच सांगायचंय. पण एकदम तोंडावर येत नाही. जरा मागून येतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. मी एकवीस वर्षांचा, अध्यापक विद्यालयात पहिल्या वर्षाला. घर मेंढपाळाचं. वडिलांची निम्मी मेंढरं त्या वर्षी चाऱ्यावाचून गेली, उरलेली त्यांनी मिळेल त्या भावाला काढली आणि ते खडी फोडायला गेले. त्या वर्षी कोण खडी फोडायला गेलं नाही? मी मास्तर होईन आणि घर वर येईल, एवढा एकच विचार घरात शिल्लक होता. हे सबब म्हणून सांगत नाही. पुढं कुठं सबब वाटली तर ती सोडून द्या.

तर त्या उन्हाळ्यात आमच्या विद्यालयाचं श्रमदान शिबीर होतं. बेंबळीपासून चार-पाच कोसांवरचं एक गाव—नाव लिहीत नाही, गावात अजून तीच माणसं आहेत. गावाच्या वर पाझर तलावाचं काम चाललं होतं, त्याच्या बांधावर आम्ही दहा दिवस माती टाकायची. सकाळी सहाला घमेली उचलायची, अकराला ऊन डोक्यावर आलं की थांबायचं, मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची तांबडी भाकरी आमटीत कुस्करून खायची आणि शाळेच्या ओसरीवर आडवं व्हायचं. टिकाव, फावडी, पीठमीठ गावच्या सोसायटीच्या चेअरमननं पुरवलं होतं. शिबिराला गुण होते. ते नसले तर वर्ष गेलं, असा नियम होता.

दुपारी झोप कुणाला येते? मी डाव काढला. पहिले दोन डाव फसले. फसले म्हणजे काय—पोरं पळाली, ओरडली, गुडघे फोडून घेतले, मजा आली म्हणाली. पण मला ठाऊक होतं. आमच्यात बालाजी नावाचा तालमीतला गडी होता. कुठलाही डाव असो, तो समोरच्याला बखोटीला धरायचा आणि चिठ्ठी काढून घ्यायचा. दोन डाव, दोन्हीदा बालाजी. मग बाकीच्यांनी खेळायचं कशाला? मुली तर पहिल्या फेरीतच बाद होऊन ओसरीवर जाऊन बसायच्या.

तिथंच सुमन बसायची. सुमन वाघमारे, माझ्याच वर्गातली, बेंबळीकडची. घर बौद्धांचं. तिचे वडील माझ्या वडिलांसारखेच कुठल्यातरी कामावर दगड फोडत होते आणि लेक मास्तरीण व्हायची म्हणून तेही दिवस मोजत होते. अंगानं किरकोळ, आवाज हळू. तिला पळता येत नव्हतं असं नाही, तिला पळायचंच नव्हतं. बाद झाली की ती ओसरीवर कुणाशीतरी बोलत बसायची, आणि ते बोलणं मी पहिल्यांदा एस.टी.त ऐकलं होतं. शिबिराला येताना ती कंडक्टरशी बोलायला लागली. तिसऱ्या थांब्यापर्यंत त्याची सासुरवाडी, त्याची बदली, बायको रुसून माहेरी बसलीय ते सगळं बाहेर आलं. गंमत म्हणजे ती फारसं काही विचारायचीच नाही. अर्धं वाक्य बोलायची आणि थांबायची. उरलेलं अर्धं समोरचा माणूस आपणहून पुरं करायचा. आपल्याकडं कुणाला गप्प बसवतं? माणूस भेटला की कुठले, कुणाचे, सोयरे कोण—तीन वाक्यांत सगळी कुळी निघते. सुमनला ते इतरांहून बरं जमायचं, एवढंच.

तिला बघून मला पहिल्यांदा डाव म्हणजे काय ते कळलं. ज्या गोष्टीसाठी धावायचं ती वस्तूत ठेवायचीच नाही—माणसात ठेवायची. वस्तू हिसकावता येते, पण कुणाच्या पोटातली गोष्ट बखोटीला धरून निघत नाही. बालाजीला दारापर्यंत जाऊ द्यायचं आणि दारातच अडवायचं. आत जाईल तो बोलणारा. दुसरं म्हणजे त्याला वेळ द्यायचा, कारण बोलणं पिकायला वेळ लागतो. आणि तिसरं—हे मला फार आवडलं होतं—बाकीच्यांना कळूच द्यायचं नाही, की डाव कुणाच्या हातात आहे. पुढं पस्तीस वर्षं मी याच तीन गोष्टींवर खेळलो. शिक्षकांना शिकवल्या. त्या मी सुमनकडं बघून काढल्या होत्या, हे कधी म्हणालो नाही. तेही यातच धरा.

शिबिराच्या सातव्या दिवशी मी तिसरा डाव मांडला. दोन पक्ष, गडवाले आणि छावणीवाले. गडाला वेढा पडलाय. गडावर पाणी किती उरलंय ते कळलं तर छावणीवाले जिंकले, नाही कळलं तर गड वाचला. त्या उन्हाळ्यात पाण्याचा डाव सोडून दुसरा कुठला सुचणार? शाळेच्या फळ्यावर मी खडूनं नियम लिहिले. डावाची हद्द पाझर तलावाच्या बांधापर्यंत. चिठ्ठी वाचली की फाडून टाकायची. हेर पकडला गेला तर पाठवणाऱ्याचं नाव सांगायचं नाही. हेरानं खबर फक्त सूत्रधाराला द्यायची. सूत्रधार अर्थात मी.

बालाजी आणि मंडळी बांधावर एकमेकांना लोळवत होती, ढेकळांत गड मांडला होता, तिथले खोटे रांजण शोधत होती. आणि सुमनच्या चिठ्ठीत वेगळंच होतं. तिच्या चिठ्ठीतला गड म्हणजे गावातलं चेअरमनचं घर.

त्यांच्या परसात आड होता. गावातल्या बाकीच्या विहिरी आटल्या होत्या, त्या एका आडाला पाणी होतं. चिठ्ठीत मी लिहिलं होतं—तू नळदुर्गाकडची पाहुणी आहेस, पुढच्या गावी मामाकडं निघालीस, गाडी चुकलीय. चेअरमनच्या आईकडं जा. त्यांच्या आडाला पाणी किती आहे ते काढून आण. आडाचं पाणी कसं कळतं, ठाऊक आहे ना? पोहरा सोडायचा आणि दोर किती हात गेला ते मोजायचं. आधी पाण्याला टेकेपर्यंत, मग तळाला लागेपर्यंत. म्हणजे स्वतः शेंदल्याशिवाय कळत नाही.

सुमननं चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. माझ्याकडं पाहून एवढंच म्हणाली, "ह्ये डावातच हाय ना?"

मी म्हणालो, "डावातच."

तिनं चिठ्ठीचे बारीक तुकडे केले आणि ती पदर डोक्यावर घेऊन गावाच्या वाटेला लागली.

तासाभरानं परत आली ती हसत. ओसरीच्या टोकाला कडुनिंबाखाली तिनं मला सगळी खबर दिली, नकलेसकट. म्हातारीला गावात सगळे काकी म्हणत. काकींनी दारातच विचारलं, "कुठली गं बाई तू?" ही म्हणाली, नळदुर्गाकडली, मामाकडं निघालेय, आमचे मामा… आणि थांबली. काकी म्हणाल्या, "म्हंजी वरच्या आळीतल्या शिंद्यांकडली व्हय? त्येंची बहीण दिलीया तिकडं." ही नुसती हसली. झालं, काकींनी तिला शिंद्यांची भाची करून टाकली, मामीच्या तब्येतीची चौकशी केली, गुळाचा खडा हातावर ठेवला. मग काकींचे गुडघे दुखतात तो विषय निघाला. गुडघे दुखतात आणि सून माहेरी गेलीय, म्हणून आडावर जायला कुणी नाही. ही म्हणाली, "द्या काकी, म्या वडते दोन पोहरे." काकींनी असा आशीर्वाद दिला म्हणे की पोहराच हलका झाला. दोर सतरा हात गेला आणि पाणी तीन हात होतं. ते आकडे सांगताना ती इतकी खूश होती, की तिचा तो नेहमीचा हळू आवाज पार पलीकडच्या खोलीपर्यंत गेला असेल.

मी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं आणि जाहीर केलं—छावणी जिंकली, खबर सुमन वाघमारेनं आणली. बालाजी मातीनं माखलेला उभा होता. "कुठनं आणली? ही तर बांधावर दिसलीच न्हाय," म्हणाला. मी म्हणालो, हेर सांगत नसतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बालाजीनं सगळ्यांत जोरात. सुमन पदराचं टोक तोंडात धरून हसत होती. तिला तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. मला स्वतःचा एवढा अभिमान वाटला की विचारू नका.

हा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला रचलेला डाव. अजूनही मला तसंच वाटतं, आणि तेच जास्त लागतं.

नवव्या दिवशी दुपारी चारला समारोप होता. पाहुणे म्हणून चेअरमन आले, सोबत आईलाही घेऊन आले. काकींनी सुमनला पाहिलं आणि जवळ बोलावून सतरंजीवर शेजारी बसवलं. मास्तरणीचं शिकतीयास होय गं, बोलली न्हाईस त्या दिशी, असं काहीतरी म्हणाल्या. मी लांबून पाहत होतो. आता आडनाव विचारलं तर, हे तेव्हाच मनात आलं. तरी वाटलं, तासाभराचा प्रश्न आहे, निभावेल.

तेवढ्यात तिचे वडील आले. सायकलवरून, ऊन डोक्यावर घेऊन, धुतलेला पांढरा सदरा घालून. लेकीचा कार्यक्रम बघायला. आमच्यातल्या दोघा-तिघांनी जय भीम केला, त्यांनीही हात जोडून जय भीम केला. चेअरमन त्यांना ओळखत होते—रस्त्याच्या कामावर ते या गावात महिनाभर होते. चेअरमननं विचारलं, इकडं कुठं? त्यांनी कौतुकानं बोट दाखवलं. "लेक माझी, साहेब. ती काय, म्हातारीपाशी बसलीया. मास्तरीण हुनार हाय."

काकी उठल्या.  सतरंजीवरून खाली उतरल्या आणि उन्हातच उभ्या राहिल्या.

पुढचं मी तुम्हाला तिखटमीठ न लावता सांगतो. चेअरमन आमच्या शिबिरप्रमुख सरांना बाजूला घेऊन गेले, पण आवाज सगळ्यांना येत होता. आमचं जातीबितीचं काय न्हाय सर, असं त्यांनी तीनदा म्हटलं. पोरगी खोटं बोलून घरात शिरली, आमच्या आईला फशिवलं, हे आमाला पटत न्हाय. काकी एकदाच बोलल्या, नि तेसुद्धा रागानं नव्हे, जरा रडवेल्या होऊन. "तान लागली म्हनली असती तर म्या वरनं वतलं नसतं का?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गड्यांनी आड उपसला. ते तीन हात पाणी गल्लीत ओतलं. आम्ही सामान बांधत होतो तेव्हा ओल रस्त्यापर्यंत आली होती.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी सरांनी आम्हाला सगळ्यांना ओसरीवर उभं केलं. सुमनला पुढं घेतलं. "तुला गावात जायला कुणी सांगितलं?" ती गप्प. पुन्हा विचारलं. ती गप्प. तिचे वडील सायकल धरून कडुनिंबाखाली उभे होते. त्यांना अजून नीटसं कळलेलं नव्हतं. लेकीच्या तोंडाकडं नुसतं पाहत होते.

मग सर माझ्याकडं वळले. "देवकते, डाव तुझा होता. तुझ्या डावात गावात जायचं होतं का?"

मी म्हणालो, "नाही सर. हद्द बांधापर्यंतच होती. फळ्यावर लिहिलंय."

सरांनी मागं वळून पाहिलं. फळा कुणी पुसला नव्हता. माझंच अक्षर, माझंच वळण. हद्द पाझर तलावाच्या बांधापर्यंत.

झालं सांगून. खोटंसुद्धा नीट बोललो नाही मी—फळ्यावर तसं खरोखर लिहिलेलं होतं. चिठ्ठीचे तुकडे तिनं माझ्याच नियमानं केले होते. आणि पकडल्यावर पाठवणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हाही माझाच नियम. ती नियम पाळतेय असं मला वाटलं, आणि खरं सांगू, सुटल्यासारखं वाटलं. किती चांगली खेळतेय, असंही मनात येऊन गेलं. एकवीस वर्षांचा माणूस इतका नीच असू शकतो? असतो.

सरांनी तिच्या कागदावर वर्तन असमाधानकारक असा शेरा मारला. शिबिराचे गुण गेले, वर्ष गेलं. तिच्या वडिलांनी तिची पत्र्याची पेटी सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधली. दोघं सायकल हातात धरून पायीच निघाले. आम्ही माती टाकलेल्या बांधावरून वाट होती, तिथून ती दोघं बराच वेळ दिसत होती. जूनमध्ये विद्यालय उघडलं तेव्हा पहिल्या वर्षाच्या हजेरीत पुन्हा तिचं नाव होतं. आठवडाभर सरांनी ते पुकारलं, मग पुकारणं बंद केलं.

इथवर येऊन थांबलो असतो तर बरं झालं असतं. घाबरलो, खोटं बोललो, पोरवय होतं—कुणीही समजून घेईल. तुम्हीही घ्याल. पण मुद्दा तो नाही. भ्यायलो हा कबुलीचा सोपा भाग आहे. अवघड भाग अजून पुढंच आहे, आणि तो मी इतकी वर्षं स्वतःलासुद्धा नीट सांगितला नव्हता.

मी काय सांगायचो स्वतःला? डावाच्या नादात ध्यानातच आलं नाही. तिला पुढं आणायचं एवढंच डोक्यात होतं, जातीचा विचार मनाला शिवला नाही. उलट तो शिवला नाही हे माझं मोठेपणच, असंही एखाद वेळी वाटून जायचं.

खोटं आहे ते.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी मी चेअरमनकडं फावडी आणायला गेलो होतो. त्यांच्या ओसरीवर बसून चहा प्यालो. मला ओसरीपर्यंत अडकाठी नव्हती, परसातसुद्धा नसती. परसाच्या दारात खालच्या वस्तीतल्या पाच-सहा बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. काकी आडाचं पाणी शेंदून वरून त्यांच्या हंड्यांत ओतत होत्या. पोहरा हंड्याला लागू देत नव्हत्या. मी ते कपातल्या चहाचा शेवटचा घोट संपेपर्यंत पाहिलं.

आणि चिठ्ठी. चिठ्ठीत मी आधी लिहिलं होतं—काकींकडून पाणी मागून घे, आणि बोलता बोलता आडाचा अंदाज काढ. तेवढ्यानं डाव झाला असता. सुमननं बोलता बोलता दोराचे हातसुद्धा काढले असते, तिला काय अवघड होतं? मी ते वाचून पाहिलं. मागून घे म्हटलं की काकी शेंदणार, वरून ओतणार. कुणालाही ओततात. त्यात हेराची परीक्षा कसली? मी ती ओळ खोडली आणि लिहिलं—स्वतः शेंद.

समजलं ना? खोडून लिहिलं. मला ठाऊक होतं तो आड काय आहे, ती कोण आहे. पकडली गेली तर काय होईल तेही. ते ठाऊक होतं म्हणूनच तो डाव मला भारी वाटत होता. ढेकळांच्या गडात खोटे रांजण शोधण्यात कुणाचं काय जाणार होतं? इथं जाणार होतं. त्याशिवाय थरार येत नव्हता. आणि जाणार होतं ते तिचं, माझं नव्हे. मी ओसरीवर खडू हातात घेऊन बसलो होतो. फळ्यावरची हद्दही मी चिठ्ठी लिहून झाल्यावर लिहिली, आधी नाही. का लिहिली असेन? गावात जायला मनाई आहे असं सर्वांना दिसावं म्हणूनच ना?

तिनं विचारलंही होतं, हे डावातच आहे ना म्हणून. तिला सगळं दिसलं होतं. तिनं माझ्या शब्दावर विसंबून पाऊल टाकलं.

त्यानंतर मी मास्तर झालो. वर्षभरानं वडिलांना पांढरं धोतर घेतलं. डाव खेळवत राहिलो, नाव होत गेलं. माझ्या डावात नंतर एकाही पोराला शाळेच्या कुंपणाबाहेर जायला लागलं नाही. लोकांना वाटायचं, गुरुजी मुलांना फार जपतात.

बारा वर्षांनी ती मला भेटली. ढोकीच्या एस.टी. स्टँडवर, दुपारी. कारखान्याचा हंगाम होता, उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक चालले होते, धुरळा उडत होता. पांढऱ्या साडीतली एक नर्सबाई समोर येऊन उभी राहिली. "सर, ओळखलं का?" मी ओळखलं होतं, ती माझ्याकडं वळायच्या आधीच. नर्सिंगचं शिकले म्हणाली, पाच गावं आहेत माझ्याकडं, पोरांना लसी टोचते. वडील बरे आहेत, गुडघे धरलेत. माझी चौकशी केली. माझ्या डावांबद्दल तिनं ऐकलं होतं, तिच्या बहिणीचा मुलगा माझ्या शाळेत होता. "तेला लई आवडतंय तुमचं," म्हणाली. त्यात टोमणा होता का, हे मी तिच्या तोंडावर शोधलं. नव्हता.

 तिची गाडी लागली होती. पायरीशी जाता जाता ती थांबली आणि एस.टी.तला माणूस शेजारच्याशी बोलतो तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "सर, त्या दिशी म्या तुमचं नाव घेतलं न्हाय. नेमाबिमाचं काय नव्हतं मनात. मला वाटलं, तुमीच बोलताल."

आणि ती थांबली. नुसती उभी राहिली, पिशवी हातात धरून.

मी म्हणालो, "कुठल्या दिवसाचं म्हणताय? मला नीटसं आठवत नाही."

तिनं मान हलवली. "आसू द्या," म्हणाली आणि गाडीत चढली.

मला सगळं आठवत होतं. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो. नोकरी पक्की होती, सर कधीच निवृत्त झाले होते, स्टँडवर मला ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. माझं जाण्यासारखं काहीही उरलं नव्हतं, तरी मी तेच केलं.